पूर्व बरोबर आली होती

अंबादासकाका कुणाला डावं-उजवं सांगत नसत. मोतीबिंदूच्या वेळी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. नर्सबाईंनी विचारलं, "कौनसा आँख, अंकल?" काकांनी खिडकीतून येणारं ऊन पाहिलं, खुर्चीवर सरळ बसले आणि म्हणाले, "अभी बैठा वैसा पकडे तो दक्षिण वाला." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा सांगितलं, ये वाला, ये वाला. शेवटी त्यांनी बाहेर येऊन काकांच्या उजव्या भुवईवर पेनाने फुली मारली तेव्हा कुठे मी बाजूला झालो.

ऑपरेशन होऊन बाहेर आल्यावर काका माझ्यावरच नाराज. "तुमी काऊन मध्ये पडले? मी सांगितलं होतं ना बरोबर."

"काका, ऑपरेशनला आडवं झोपवल्यावर तुमची दक्षिण फिरली असती."

ते थांबले. विचार केला. "हे मात्र खरं," म्हणाले.

सवय मात्र सुटली नाही. "डावं-उजवं माणसासोबत फिरते, संपतराव. पूर्व फिरत नाई." हे वाक्य त्यांनी मला भाड्याची खोली दाखवताना पहिल्यांदा ऐकवलं आणि पुढे कितीदा ऐकवलं याची गणती नाही. भाजीवाल्याला, पोस्टमनला, जावयाला, सगळ्यांना ऐकवलं. लहानथोर सगळ्यांना ते 'तुमी' म्हणत. रोज कुंपणातून घुसणाऱ्या बकरीलाही "तुमी आता निघा" असंच म्हणत. ऑफिसात लागलेली सवय. 'तू' फक्त एकालाच होतं, त्याचं पुढे येईल.

काका सर्वे ऑफिसातले. जन्मभर या जिल्ह्यात जमिनीची मोजणी केली, नकाशे काढले. मोजणीला ते पैमाइश म्हणत, गावाला मौजा म्हणत, आणि घरात काकूंनी डबे इकडचे तिकडे केले तर "बिला इजाजत" म्हणत. काकू म्हणायच्या, "तुमच्या इजाजतीनं स्वयंपाक करायचा तर संध्याकाळ होईल."

मी मूळचा विट्याच्या पुढचा. आमच्याकडची माणसं गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध करून परत द्यायचं, हा आमचा धंदा. माझी शाळा आठवीत सुटली आणि मामाच्या मागे मी तेलंगणातल्या आदिलाबादला आलो. बायको आणि मुलगी गावाकडे असतात, मी इकडे. इथली मराठी मला पहिली दोन वर्षं धड कळायची नाही, आणि माझी ऐकून इथली माणसं हसायची. त्यातून गलाईवाल्याला जागा मिळणं म्हणजे कठीण. भट्टी असते, तेजाबाचा वास असतो, सोनं असतं म्हणून चोराची भीती असते. मी बारा घरं फिरलो होतो. काकांनी मला नाही म्हटलं नाही. त्यांनी आधी उदबत्ती पेटवली. अंगणात उभे राहून तिचा धूर कुठे जातो ते पाहत बसले, सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, मग म्हणाले, "वारा इथं बहुतेक पश्चिमेकडून येते. धुराडं पूर्वेच्या भिंतीतून काढा आणि छपराच्या बरंच वर न्या. मग कोणी बोलणार नाई." कोणी बोललं नाही. घराच्या पुढची ती खोली अजून माझ्याकडे आहे.

दुसरी गोष्ट खुर्चीची. काकांकडे लोखंडी घडीची एक खुर्ची होती, तिच्या पाठीवर ऑफिसचा जुना नंबर पांढऱ्या रंगात. एकदा बाजारात चोरी झाली आणि माल कुठे वितळवला याची चौकशी निघाली. सोनं आमच्या हातात येतं तेव्हा त्याच्यावर कुणाचं नाव नसतं, त्यामुळे कुठेही काही झालं की पहिली नजर गलाईवाल्याकडे जाते. मी काही केलेलं नव्हतं. पण काही न केलेल्या माणसाला भीती कमी वाटते असं थोडंच आहे. परमुलखात मला ओळखणारं कोण होतं? मला जेवण जाईना. सकाळी पाहतो तर काका खुर्ची माझ्या दारासमोर उघडून, पेपर घेऊन बसलेले. चौकशीवाले आले तेव्हा ते उठले नाहीत. "काय विचारायचं ते बसून विचारा. हे माझे भाडेकरू. हे कुठं जात नाईत, मीबी कुठं जात नाई." चौकशी संपेपर्यंत ते रोज तिथे बसले. माझ्याकडे काही निघणार नव्हतं आणि निघालं नाही. त्या खुर्चीबद्दल मी काकांशी कधी बोललो नाही.

आता त्या गेमबद्दल सांगतो.

काकांची मुलगी वैशाली कॅनडात असते. तिचा मुलगा ईशान, तेव्हा अकरा वर्षांचा. तो दीड वर्षाचा असताना एकदा इथे येऊन गेला होता, त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. फोनवर नातू आणि आजोबा बोलायचे ते असं: "कसा आहेस?" "बरा आहे." "जेवलास?" "हो." मग दोघंही गप्प. काका फोन काकूंकडे देऊन टाकायचे आणि अंगणात जाऊन उभे राहायचे.

मग ईशानने त्यांना एक गेम शिकवला. ठोकळ्यांचा. मातीचे, दगडाचे, लाकडाचे, काचेचे ठोकळे. एकावर एक ठेवून हवं ते बांधायचं. दोघं दोन देशांत बसून एकाच ठिकाणी बांधू शकतात. आपल्याकडची रविवारची सकाळ म्हणजे तिकडची शनिवारची संध्याकाळ, तेव्हा दोघं तिथे भेटायचे. काकांना हे कळल्यावर त्यांनी जुना कॉम्प्युटर दुरुस्त करून घेतला आणि बांधायला काढलं काय, तर आमचं आदिलाबाद. स्टेशनपासून घरापर्यंत. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, आणि उत्तर म्हणजे उत्तर. स्टेशनबाहेर पडलं की उत्तरेला पाण्याची टाकी, मग पूर्वेकडे जाणारा सरळ रस्ता, मग चौक, चौकातून उत्तरेकडे वळणारी आमची गल्ली, गल्लीत पश्चिमेच्या बाजूला पूर्वेकडे तोंड करून काकांचं घर, घराच्या उत्तरेला लिंब. काका खऱ्या गल्लीत टेप घेऊन हिंडायचे. शेजारच्या घरापुढची नाली किती रुंद म्हणून मोजताना त्या घरच्या बाईंनी हाक मारली, "काका, रस्ता मोठा करून राह्यले का? आमची भिंत जाते का?" काका म्हणाले, "तुमची भिंत कॅनडात चालली."

माझी खोलीही त्यांनी बांधली. आत भट्टी ठेवली, तिच्यात विस्तव. मला बोलावून दाखवली. मी आपल्या खोलीसमोर उभा होतो, ठोकळ्यांच्या. ती ईशाननेही पाहिली असेल, म्हणजे कॅनडातल्या एका पोराला माझं धुराडं माहीत होतं. गावाकडच्या माझ्या मुलीला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तिला फोन करून खोलीचा कोपरान् कोपरा दाखवला.

ईशानने काकांच्या गच्चीवर काचेचा मनोरा उभारला. न विचारता. काकांनी मनोऱ्याच्या पायथ्याशी पाटी लावली: 'सदर बांधकाम बिला इजाजत असून सात दिवसांत काढून टाकावे.' पोराने आईला अर्थ विचारला आणि खाली दुसरी पाटी लावली: 'नाही.' काका दिवसभर हसत होते. पुढच्या रविवारी त्यांनी तिसरी पाटी लावली: 'मनोरा कायम करण्यात येत आहे.' आता फोनवर बोलायला विषय होता. टाकी किती उंच, लिंबावर कोण बसतं, गलाईवाले अंकल काय जाळतात.

आणि मग एका रविवारी ईशान आला नाही. काका कॉम्प्युटरसमोर बसून होते. काकूंनी चहा दोनदा गरम केला. "राहून गेलं असेल," काका म्हणाले. पुढच्या रविवारीही तसंच. मग वैशालीताईंनी सांगितलं, "बाबा, तो आता दुसरा गेम खेळतो. त्याचे सगळे मित्र तिकडे आहेत. हाही ठोकळ्यांचाच आहे, पण वेगळा."

"मग आमचं गाव?"

"ते जुन्यातच राहणार ना, बाबा."

मी भट्टीपाशी होतो, दार उघडं होतं, मला ऐकू आलं. काकांनी फोन ठेवला. बाहेर येऊन माझ्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, आता हे पुन्हा "जेवलास? हो" वर येणार. त्यांनाही तेच वाटत असणार.

"गाव उचलून न्यावं लागेल," ते म्हणाले.

त्यांनी हे काम खऱ्या आयुष्यात केलेलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एक गाव धरणात जाणार म्हणून नव्या जागेवर वसवलं, तिथले प्लॉट काकांनी आखले. सगळे एका माळेत, दारं रस्त्याकडे. एका म्हातारीने त्यांना विचारलं होतं, "बापू, दिवस कोणीकडून निघेल?" काकांनी दाखवलं, ते घराच्या पाठीमागे होतं. दार पश्चिमेला आलं होतं. पुढे कधी त्या गावावरून गेले की म्हातारी सकाळी घराच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून बसलेली दिसायची. "तेव्हापासून मी काही असो, पूर्व पहिली पाहतो," काका म्हणायचे.

एका गेममधलं गाव दुसऱ्यात नेणारा एक प्रोग्राम कुणा परदेशी पोराने बनवून फुकट ठेवलेला होता. काकांनी तो शोधला. त्याला सांगावं लागायचं, जुन्यातला हा ठोकळा म्हणजे नव्यातला कुठला. न सांगितलं तर ती जागा रिकामी. हे ठरवायला काकांनी मला शेजारी बसवलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचावी लागतात.

"तुमच्या भट्टीत घट येतेच ना, संपतराव?"

"येतीया की. मुशीला थोडं चिकटतंय, धुरात थोडं जातंय."

"गिऱ्हाईक काय म्हणते?"

"काय म्हणंल? घट सांगूनच माल घेतो आपण."

"मले घट नाई पाहिजे," काका म्हणाले.

पहिल्या खेपेला घट अशी आली, की बघवेना. छपराला भोकं पडली. पाट्या आल्या, पण कोऱ्या. लिंब आला, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याची पानं एकेक करून गळायला लागली; नव्या गेममध्ये पानं अशी वाळतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. काका "अरे, अरे" म्हणत पडद्याला हात लावत होते. मी म्हटलं, "काका, रंग बघून ठोकळा ठरवू नका. पितळ बी पिवळंच असतंय." मग आम्ही एकेक ठोकळा नव्यात नेऊन पाहायला लागलो: जळतो का, पडतो का, गळतो का. पितळेचं ते वाक्य काकांनी मोहल्लाभर सांगितलं, माझ्या नावासकट. लोक मला "पितळवाले" म्हणायला लागले होते.

त्याच दिवसांत त्यांची नजर अधू होत चालली होती. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती आणि त्याआधी गाव पोचवायचं म्हणून ते हट्टाला पेटले होते. नंतर महिनाभर पडद्याकडे पाहायचं नव्हतं. तोवर पोरगं कुठल्या कुठे निघून गेलं असतं.

शेवटच्या खेपेला छप्पर धड आलं, पानं टिकली. काकांना सगळं धुकट दिसत होतं. ते म्हणाले, मला फक्त दारात उभं करा. गेममध्ये रात्र संपायची वाट पाहत आम्ही दोघं बसलो. मग उजाडलं. दारासमोर, बरोबर समोर, चौकोनी सूर्य वर आला. तेवढा त्यांना दिसला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आली," म्हणाले. "पूर्व बरोबर आली." आणि त्यांनी वैशालीताईंना फोन लावला, की गाव पाठवतो.

ईशान परत आला. काका डोळ्यावर पट्टी लावून पलंगावर, आणि ईशान फोनवर सांगतोय, मी स्टेशनवरून निघालो, मी चौकात आलो, मी मनोरा आणखी उंच केला. त्याने मित्रांना बोलावलं होतं. लिंबाला झोपाळा लावला होता. पुढे मोकळ्या जागेत पोरांनी शाळा बांधली होती. काका नुसते हुंकार भरत, आणि पट्टीखाली चेहरा उजळलेला. याच वेळी ठरलं, की डिसेंबरात वैशालीताई आणि ईशान आदिलाबादला येणार. ईशानने एक अट घातली. मोटारीने नाही यायचं. रेल्वेने यायचं, कारण त्याचं गाव स्टेशनापासून सुरू होतं, आणि स्टेशनापासून घरापर्यंत तो एकटा चालत येणार. "मला रस्ता माहीत आहे, आजोबा."

पट्टी निघाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि काका कॉम्प्युटरसमोर बसले. काकू भाजी निवडत शेजारी येऊन बसल्या. आजवर त्यांनी त्या गेमकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता नातवाने झोपाळा बांधला म्हणून पाहायला आल्या.

"हे कोणाचं घर?" काकूंनी विचारलं.

"कोणाचं म्हणजे? आपलं."

"आपलं नाई. आपल्या दारातून आत गेलं की देवघर या हाताला." काकूंनी उजवा हात वर केला, हातात मेथीची जुडी. "हे तर त्या हाताला हाय."

"हात काय सांगता? दिशा सांगा."

"दिशा तुमच्या तुमी पाहा. मी या हातानं दिवा लावते, मले या हाताचं माहीत."

काका हसले. मग हसू थांबलं. त्यांनी गेममध्ये मागे फिरून लिंब शोधला. लिंब घराच्या दक्षिणेला होता. गल्लीतून चौकात आले. गल्ली चौकाच्या दक्षिणेला होती. टाकी दक्षिणेला. मी त्यांच्या मागे उभा होतो, मला त्यांची मान दिसत होती, ती हळूहळू ताठ होत गेली.

झालं होतं ते असं. प्रत्येक ठोकळा कुठे आहे ते गेम आकड्यांनी लक्षात ठेवतो. जुन्या गेममध्ये उत्तरेकडे चाललं की आकडा वाढतो, नव्यात दक्षिणेकडे चाललं की वाढतो. आकडे तेच ठेवले की उत्तरेचं सगळं दक्षिणेला जातं, आरशात दिसावं तसं. पूर्व-पश्चिम मात्र जागच्या जागी राहते. म्हणून सूर्य दारासमोरच उगवला. दुसरा कुणी असता तर त्याने झाड पाहिलं असतं, टाकी पाहिली असती. काकांनी पूर्व पाहिली, आणि त्यांच्या शेजारी बसून मीही तीच.

"मी पैमाइशवाला," ते म्हणाले, "आणि माझं पोट्टं माझंच गाव उलटं शिकून राह्यलं."

गाव पुन्हा न्यायचं तर जुन्या गेममधून पहिल्यापासून न्यावं लागणार. मग झोपाळा, शाळा, उंच मनोरा, सगळं पुसलं जाणार. मी म्हटलं, ईशानला नुसतं सांगून टाका. काकांनी मान हलवली. "चुकीच्या गावात कोण खेळते? मित्र हसतील, तो सोडून देईल." वैशालीताईंना त्यांनी फोन केला, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, "बाबा, गेम आहे तो. त्याला काय फरक पडतो?" काकांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "त्याचा कब्जा झाला आता. त्यानं झाडाला झोपाळा बांधला. कब्जेदाराला उठवायचं पाप मी नोकरीत पुष्कळ केलं. इथं नाई करत."

पण त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. ते चौकात जाऊन उभे राहायचे. माझ्याजवळ यायचे, भट्टीकडे बघत बसायचे, मध्येच विचारायचे, "चौकात गाड्या फार वाढल्या का हो?" पोरगं स्टेशनातून निघणार, चौकात येऊन दक्षिणेला वळणार, अनोळखी गल्लीत जाणार आणि तिथे घर नाही. परक्या गावात, घर असायला पाहिजे तिथे घर नाही म्हणजे काय होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी इथे नवा होतो तेव्हा माझंही तसं झालं होतं.

येण्याच्या आदल्या दिवशी काकांनी मला अंगणात बोलावलं. "तुमी उद्या स्टेशनवर जा. सामान ऑटोत टाका, वैशालीले बसवा. पोट्टं पायी चालेल. त्याले अडवू नका, रस्ता सांगू नका. फक्त गाड्यांपासून सांभाळा."

"आणि तुमी?"

"मी गिरणीपाशी बसतो."

चौकातून दक्षिणेकडच्या गल्लीत, आमच्या घराइतक्याच अंतरावर, पश्चिमेच्या बाजूला पिठाची गिरणी आहे. बरीच वर्षं बंद. काकांनी मोजून पाहिलं होतं.

काकू दारातून म्हणाल्या, "आणि तिकडे नाई आलं तर?"

"येईल. त्याच्या गावात आपलं घर तिथंच हाय."

काका-काकू आता मुलीकडे असतात. पुढच्याच वर्षी काकूंना बरं नाहीसं झालं आणि ताई दोघांना घेऊन गेल्या. घराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. घर राहील की विकलं जाईल, माझी खोली राहील की जाईल, मला माहीत नाही. फोन वाजला की आधी तेच मनात येतं. काका फोनवर अजून विचारतात, धुराड्याचा धूर कोणीकडे जाऊन राह्यला. पण काका म्हटलं की मला ती डिसेंबरातली सकाळच दिसते.

गाडी आली. ईशान उतरला, अंगावर जाड जाकीट, कानटोपी. मला पाहून म्हणाला, "तुम्ही भट्टीवाले अंकल." मला इतकं बरं वाटलं, की पिशवी उचलायची राहून गेली. स्टेशनबाहेर आल्यावर तो थांबला. टाकीकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला पाहिलं, मग पुन्हा टाकीकडे.

"टाकी राँग साइडला आहे," तो म्हणाला.

मी सामान ऑटोत टाकलं. ताई ऑटोत बसल्या. तो पुढे चालू लागला, मी त्याच्या दहा-पंधरा पावलं मागे, माझ्यामागे ऑटो रखडत. ऑटोवाल्याने विचारलं, "एमैंदी अन्ना, काय झालं? चढत का नाही पोरगं?" मी हात करून त्याला गप्प केलं. पोरगं प्रत्येक दुकानापाशी थांबत होतं, मान इकडून तिकडे फिरवत होतं, ओठ हलत होते. चौक आला. मोटारसायकली, हातगाडे, एक ट्रॅक्टर. मी पावलं उचलून अंतर कमी केलं. ईशान कडेला उभा राहिला. सवयीने त्याचं एक पाऊल दक्षिणेकडे पडलं. मग त्याने ते मागे घेतलं. मागे वळून लांब टाकीकडे एकदा पाहिलं, आणि उत्तरेकडे वळला. घराकडे. बरोबर.

दारात काकू तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तुकडा ओवाळून टाकला, ठसठशीत कुंकू लावलं, त्यावर अक्षता टेकवल्या. पोरगं लिंबाकडे बघत होतं. "झोपाळा नाही," म्हणालं. मग, "आजोबा कुठे आहेत?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "ते तिकडे गिरणीपाशी बसलेत, राजा. तू उलटा वळशील म्हणून."

ईशान क्षणभर उभा राहिला. मग जाकीट सावरत पळत सुटला. मी त्याच्या मागे.

चौक ओलांडून आम्ही दक्षिणेच्या गल्लीत शिरलो. गिरणीच्या बंद शटरसमोर ती लोखंडी खुर्ची, आणि तिच्यात काका, धुतलेला सदरा, दोन्ही हात काठीवर, डोळे चौकाकडे. पोराला येताना पाहून ते उठले. चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"आलास," ते म्हणाले. "बरोबर आलास."

ईशानने शटरकडे पाहिलं. गंजलेलं कुलूप पाहिलं. धापा टाकत म्हणाला, "हो आजोबा. इथेच आलो."

काकांनी त्याची टोपी मागे सारली. ऑपरेशन झालेला डोळा आता लख्ख पाहायचा. कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं आणि एक अक्षत घरंगळून भुवईवर चिकटली होती. काका तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती बोटाने टिपली, आणि मुठीत ठेवली. खुर्ची थोडी सरकवून नीट केली.

"बस. दमला असशील."

पोरगं बसलं. काका त्याच्या मागे उभे राहिले, एक हात खुर्चीच्या पाठीवर, त्या जुन्या नंबरावर. समोरच्या घरावरून ऊन नुकतंच खाली उतरत होतं.

"तोंड कोणीकडे हाय तुझं?" त्यांनी विचारलं.

ईशानने डोळे बारीक करून समोर पाहिलं. "पूर्वेकडे."

भट्टी पेटवायला उशीर झाला होता. मी तरी तिथेच उभा राहिलो.